धवळेरीचे नाव काय? भिंतीवरून कागदावर येताना हरवलेल्या स्वाक्षऱ्या

१/
जालन्यातील एखाद्या प्राथमिक शाळेची भिंत असो, पुण्यातील उपाहारगृह असो वा मुंबईच्या रेल्वे स्थानकाची संरक्षक भिंत. तांबड्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या त्रिकोणी माणसांचा फेर आज सर्वत्र दिसतो. ही वारली चित्रकला, हे लहान मूलही सांगू शकते. या कलेतील एका चित्रकाराचे नाव विचारले, तर जाणकार वाचक जिव्या सोमा म्हसे हे नाव घेईल. एका स्त्रीचे नाव विचारले, तर मात्र बहुतेक जण गप्प होतात. ही कला तर पिढ्यानपिढ्या स्त्रियांच्याच हाती होती. मग त्यांची नावे कुठे गेली? हा धागा त्या प्रश्नाचा आहे.

२/
वारली ही महाराष्ट्राच्या उत्तर कोकणातील एक प्रमुख आदिवासी जमात. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड हा तिचा मुख्य प्रदेश. १ ऑगस्ट २०१४ पर्यंत हे तालुके ठाणे जिल्ह्यात होते. त्या दिवशी पालघर हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. नाशिक जिल्ह्याचा काही भाग, दक्षिण गुजरात आणि दादरा-नगर हवेली येथेही वारली वस्ती आहे.

३/
या समाजात भिंतीवरचे चित्र ही हौसेची गोष्ट नव्हती. ते लग्नविधीचे अंग होते. कुडाची भिंत शेणामातीने सारवून तिच्यावर गेरूचा हात फिरवायचा. भिजवलेला तांदूळ वाटून पांढरा रंग करायचा. टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी हीच कुंचली. आणि ती काडी हाती धरण्याचा मान असे सवाशिणींचा. त्या मिळून जे चित्र काढीत, त्याला म्हणतात ‘लग्नाचा चौक’. चौक लिहिल्याशिवाय लग्न पूर्ण होत नसे.

४/
चौकाची रचना ठरलेली असते. चारही बाजूंनी नक्षीच्या पट्ट्या, आणि मध्यभागी पालघट देवी. ही सुफलतेची देवता. शेत, गर्भ आणि गोठा या तिन्हींवर तिची सत्ता. तिच्या आसपास सूर्य, चंद्र, फणी, शिडी. शेजारच्या लहान देवचौकात पंचशिऱ्या हा देव. चौकाबाहेर झाडे, पशुपक्षी, घोड्यावर बसलेले वधूवर आणि तारपा वाजवणाऱ्याभोवती फेर धरून नाचणारी माणसे. आज शहरांतील भिंतींवर दिसतो तो प्रामुख्याने हा बाहेरचा भाग. मधली देवी बहुधा तिथे नसते.

५/
आता या विधीतील सर्वांत महत्त्वाची व्यक्ती: धवळेरी. वारली लग्न लावणारी ही स्त्री-पुरोहित. चौक लिहिला जात असताना ती गाणी म्हणते; त्या गाण्यांतून देवदेवतांना लग्नाला बोलावते, विधीचा क्रम सांगते, सृष्टीच्या कथा उलगडते. लिपी न वापरणाऱ्या समाजाचे ज्ञान तिच्या कंठात साठवलेले असते. म्हणजे सवाशिणींचे चित्र आणि धवळेरीचे गाणे ही एकाच संहितेची दोन रूपे. भिंत हा त्या समाजाचा ग्रंथ मानला, तर त्याच्या लेखिका आणि निवेदिका दोन्ही स्त्रियाच होत्या.

६/
‘धवळेरी’ या शब्दाशी मराठी वाङ्मयाच्या इतिहासाची एक गाठ आहे. धवळे म्हणजे विवाहप्रसंगी गायची गीते. तेराव्या शतकातील महदंबा हिने रुक्मिणीस्वयंवराच्या विषयावर धवळे रचले, आणि मराठीतील आद्य कवयित्री म्हणून तिचे नाव आजही घेतले जाते. ती चक्रधरस्वामींची शिष्या. ‘लीळाचरित्रा’त ती महदाइसा या नावाने भेटते, स्वामींना एकामागून एक प्रश्न विचारणारी जिज्ञासू स्त्री म्हणून.

७/
महदंबेचे नाव सात शतके टिकले, याला तिच्या प्रतिभेइतकेच आणखी एक कारण आहे. महानुभाव पंथाने नोंद ठेवली. म्हाइंभटाने आठवणी गोळा केल्या, त्या लिहिल्या गेल्या आणि पुढच्या पिढ्यांनी त्यांच्या प्रती केल्या. डहाणूच्या पाड्यांवर धवळे गाणाऱ्या असंख्य स्त्रियांना असा म्हाइंभट मिळाला नाही. भिंत पावसाळ्यात ओलसर होई, पुढच्या सारवणाखाली चित्र जाई, आणि गाणारीचे नाव तिच्या पाड्यापुरते राही.

८/
इथे एक सावधगिरी आवश्यक आहे. वारली चित्रे ‘हजारो वर्षे जुनी’ असल्याची विधाने समाजमाध्यमांवर वारंवार फिरतात. शैलचित्रांतील आकृत्यांशी त्यांचे साम्य आहे, हे खरे. परंतु मातीच्या भिंतीवर तांदळाच्या रंगाने काढलेले चित्र शतकानुशतके टिकत नाही. साम्य म्हणजे सलग परंपरेचा पुरावा नव्हे. या परंपरेचे मोल तिच्या वयावर अवलंबून नाही. ती कोणी, कशासाठी आणि कोणत्या परिस्थितीत जपली, हे अधिक महत्त्वाचे.

९/
ती परिस्थिती अत्यंत कठीण होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वारल्यांच्या बहुतेक जमिनी जमीनदार आणि सावकारांच्या हाती गेल्या होत्या. लग्नासाठी कर्ज काढावे लागे. ते फेडण्यासाठी नवरा-बायको दोघांनाही धन्याच्या घरी व शेतावर राबावे लागे. अशा वेठबिगाराला ‘लग्नगडी’ म्हणत. ज्या लग्नासाठी भिंतीवर पालघट देवी लिहिली जाई, तेच लग्न नव्या जोडप्याला गुलामीत ढकलत असे. म्हणूनच कित्येक जोडपी विधीविना एकत्र संसार करीत आणि पैसा जमल्यावर पुढे केव्हातरी लग्न लावीत.

१०/
१९४५ साली किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. शामराव आणि गोदावरी परुळेकर हे त्या लढ्याचे संघटक. गोदावरीबाईंनी त्याची हकीकत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिली. पुस्तक १९७० साली प्रसिद्ध झाले आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वारली समाज मराठी वाचकांपर्यंत प्रथम ठळकपणे पोहोचला तो या पुस्तकातून. चित्रांतून तो पोहोचला त्यानंतर.

११/
चित्रांची कथा सुरू होते ती मात्र बिहारमध्ये. १९६६-६७ साली तिथे भीषण दुष्काळ पडला. मिथिलेतील स्त्रियांना उत्पन्नाचे साधन मिळावे, म्हणून अखिल भारतीय हस्तकला मंडळाने एक योजना आखली. पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने भास्कर कुलकर्णी हा मराठी चित्रकार मधुबनी परिसरात गेला. तेथील स्त्रिया लग्नघरातील ‘कोहबर’ म्हणजे वधूवरांच्या खोलीच्या भिंती रंगवीत. कुलकर्णींनी त्यांना कागद दिला आणि तीच चित्रे कागदावर काढायला सुचवले.

१२/
त्यातून जे घडले ते भारतीय कलेच्या इतिहासात अपूर्व होते. कागदावरच्या चित्राखाली स्त्रीचे नाव आले. जितवारपूरच्या जगदंबा देवी यांना १९७५ साली पद्मश्री मिळाली. सीता देवी यांना १९८१ साली, गंगा देवी यांना १९८४ साली. पुढे महासुंदरी देवी यांनाही हा सन्मान लाभला. मधुबनी चित्रकला म्हटली की आजही प्रथम स्त्रियांचीच नावे आठवतात.

१३/
हेच भास्कर कुलकर्णी १९७०च्या दशकाच्या आरंभी डहाणू तालुक्यातील गंजाड परिसरात आले. माणूस तोच, कल्पना तीच, कागदही तोच. इथलेही चित्र लग्नाचेच, आणि तेही स्त्रियांच्याच हातचे. तरीही निष्पत्ती नेमकी उलट झाली. कागदावर पुढे आले ते जिव्या सोमा म्हसे. १९७५ साली मुंबईच्या गॅलरी केमोल्डमध्ये त्यांची चित्रे झळकली. १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ साली पद्मश्री. पंधरा मे २०१८ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे नाव आणि वारली कला हे जवळजवळ समानार्थी शब्द झाले होते.

१४/
म्हसे यांची थोरवी निर्विवाद आहे. बालपणी आई गेल्यावर त्यांची वाचा बंद झाली होती आणि ते मातीत रेघा ओढून बोलत, अशी त्यांची कथा सांगितली जाते. त्यांनी चौकाच्या चौकटीतून आकृत्या मोकळ्या केल्या. मासेमारीचे जाळे, वारुळाच्या मुंग्या, रस्त्यावरची गर्दी, धावती रेल्वे हे सगळे त्यांच्या कागदावर आले. विधीत जे शक्य नव्हते, ते त्यांनी कलेत शक्य केले. प्रश्न त्यांच्या यशाचा नाही. त्या यशाच्या छायेत कोण झाकले गेले, याचा आहे.

१५/
मिथिला आणि डहाणू यांत हा फरक का पडला? याला एकच कारण नाही, पण काही गोष्टी स्पष्ट दिसतात. मिथिलेत आरंभी पुढे आलेल्या चित्रकार प्रामुख्याने ब्राह्मण व कायस्थ घरांतील होत्या. पडद्याच्या प्रथेमुळे त्यांचा दिवस घराच्या आतच जाई, आणि कागद त्या घरात पोहोचला. वारली स्त्रीचा दिवस शेतावर, जंगलात, मजुरीवर जाई. लग्नसराईत सर्वांनी मिळून चौक लिहिणे वेगळे, आणि रोज चार तास एकटीने कागदासमोर बसणे वेगळे. ते चार तास तिच्याजवळ नव्हते.

१६/
दुसरे कारण चित्राच्या स्वरूपातच आहे. चौक हे सामूहिक आणि पवित्र लेखन होते. त्यातील पालघट देवी विशिष्ट वेळी, विशिष्ट गाण्यासह अवतरते. ती विकायची कशी आणि तिच्याखाली एकटीने सही करायची कशी? पुरुषांवर हे बंधन नव्हते, कारण विधीचा चौक त्यांच्याकडे कधी नव्हताच. जी जबाबदारी स्त्रियांनी जपली, तीच त्यांना बाजाराबाहेर ठेवणारी ठरली. यशोधरा दालमिया यांनी १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात वारली चित्रांचा सविस्तर अभ्यास केला; चौक, विधी आणि जीवनदृष्टी यांचे नाते त्यामुळे अभ्यासकांपुढे आले. परंतु अभ्यासकांचा वाचकवर्ग छोटा आणि बाजार मोठा होता.

१७/
२०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनामुळे कलेवरचा समाजाचा हक्क नोंदला जातो, ही मोठी गोष्ट आहे. पण ही नोंद समाजाची असते. त्या समाजात ही कला कोणी सांभाळली, हे त्यातून कळत नाही. आज डहाणू-जव्हार भागात अनेक स्त्रिया कागदावर, कापडावर चित्रे काढतात आणि त्यावर घर चालवतात. पण त्यांना ‘पुरुषांच्या कलेत आलेल्या नवख्या’ समजले जाते, तेव्हा इतिहास उलटा वाचला जातो. त्या नवख्या नाहीत, त्या माहेरी परतल्या आहेत.

१८/
असाच प्रवास त्याच सुमारास पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला चालू होता. १९७१ साली मध्य ऑस्ट्रेलियातील पापुन्या या वसाहतीत जेफ्री बार्डन नावाच्या शिक्षकाने आदिवासींना त्यांची पारंपरिक चिन्हे शाळेच्या भिंतीवर रंगवायला प्रोत्साहन दिले. तिथून ती फळ्यांवर आणि कॅनव्हासवर गेली. इथेही प्रथम नावे झाली ती पुरुषांची. स्त्रिया अनेकदा ठिपके भरायला मदत करीत, पण चित्र पुरुषाच्या नावे जाई.

१९/
तेथील स्त्रियांनी वेगळी वाट काढली. यूटोपिया नावाच्या प्रदेशात १९७७ पासून त्या एकत्र बसून कापडावर बाटिक करू लागल्या. त्यांच्यातील एमिली कामे इंग्वारेये हिने सत्तरीच्या उंबरठ्यावर कापड शिकले आणि जवळपास ऐंशीव्या वर्षी कॅनव्हासला हात घातला. १९९६ साली तिचे निधन झाले, तोवर ती ऑस्ट्रेलियाच्या सर्वांत मोठ्या चित्रकारांत गणली जाऊ लागली होती. १९९७ च्या व्हेनिस द्वैवार्षिक प्रदर्शनात ऑस्ट्रेलियाचे प्रतिनिधित्व तिच्या चित्रांसह तीन आदिवासी स्त्रियांच्या कलाकृतींनी केले.

२०/
दुसरी वाट माध्यमांची. १९८० साली ॲलिस स्प्रिंग्ज येथे मध्य ऑस्ट्रेलियातील आदिवासींची स्वतःची माध्यमसंस्था उभी राहिली. तिच्या तीन संस्थापकांत फ्रेडा ग्लिन ही आदिवासी स्त्री होती. रेडिओवरून आदिवासी भाषांतील बातम्या आणि गाणी जाऊ लागली. १९८८ साली त्याच प्रयत्नातून ‘इम्पार्जा’ ही दूरचित्रवाणी वाहिनी सुरू झाली. यामागचा विचार साधा होता: आपली गोष्ट दुसऱ्याने सांगितली, तर नावे निवडण्याचा अधिकारही दुसऱ्याकडेच जातो.

२१/
हा विचार महाराष्ट्रातही रुजला आहे. उषाकिरण आत्राम या गडचिरोलीच्या मातीतील गोंड कवयित्री. ‘म्होरकी’ हा त्यांचा मराठी कवितासंग्रह आदिवासी स्त्रीच्या स्वतःच्या शब्दांसाठी ओळखला जातो. ‘गोंडवाना दर्शन’ या गोंडी समाज व संस्कृतीला वाहिलेल्या नियतकालिकाच्या कामाशीही त्या जोडलेल्या आहेत. वारली धवळेरीचा शब्द पाड्याबाहेर जाण्यासाठी बाहेरच्या अभ्यासकावर अवलंबून होता. इथे शब्द, कागद आणि खालचे नाव या तिन्हींवर स्त्रीचा स्वतःचा ताबा आहे.

२२/
नोंद ठेवण्याचे दुसरे उदाहरण आदिवासी समाजापुरते नाही. उभ्या ग्रामीण महाराष्ट्राचे आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी पुण्यातील आपल्या संस्थेमार्फत जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे काम हाती घेतले. हजाराहून अधिक गावे, तीन हजारांहून अधिक गायिका आणि एक लाखाहून अधिक ओव्या त्यातून जमल्या. २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या प्रसिद्ध होत आहेत. या संग्रहाची सर्वांत मोलाची बाब कोणती? ओवीसोबत गाणारीचे नाव आणि गाव नोंदलेले असते. लोकगीत म्हणजे निनावी, ही समजूत या एका शिस्तीने मोडीत काढली.

२३/
आता सगळे धागे एकत्र पाहता येतात. महदंबा टिकली, कारण पंथाने लिहून ठेवले. जगदंबा देवी टिकल्या, कारण कागद त्यांच्या घरापर्यंत पोहोचला. ओवी गाणाऱ्या टिकल्या, कारण ध्वनिमुद्रण करणाऱ्याने नाव विचारले. धवळेरीचे नाव मात्र राहिले नाही, कारण तिचे गाणे ऐकणाऱ्यांना ते ‘परंपरेचे’ वाटले. एका व्यक्तीचे वाटले नाही. ‘परंपरा’ हा शब्द आदराचा असला, तरी कधी कधी तो नाव पुसण्याचेही काम करतो.

२४/
यासाठी डहाणूला जाण्याचीही गरज नाही. नागपंचमीला भिंतीवर नाग काढणारे हात, लग्नघराच्या दाराशी चित्र रेखणारे हात, हळदीची गाणी पाठ असलेला कंठ जालना जिल्ह्याच्या गावोगावी अजूनही आहेत. भोकरदन असो वा परतूर, वाडी असो वा तांडा, त्यांतील बहुतेकांची कोणत्याही दप्तरात नोंद नाही. आज प्रत्येक तरुणाच्या खिशात ध्वनिमुद्रण करणारे यंत्र आहे. म्हाइंभटाजवळ केवळ बोरू होता.

२५/
इतिहासाची आवड असणाऱ्याने गाणे टिपावे, चित्राचे छायाचित्र घ्यावे, पण त्याआधी एक प्रश्न विचारावा: आजी, तुमचे पूर्ण नाव काय? त्या सांगतील, तर ते गाव आणि तारखेसह लिहावे. नाव प्रसिद्ध करायचे की नाही, हेही त्यांनाच ठरवू द्यावे. शाळेच्या भिंतीवर पुढच्या वेळी पांढऱ्या माणसांचा फेर दिसेल, तेव्हा मधली रिकामी जागा लक्षात राहावी. तिथे एक देवी होती. तिला लिहिणाऱ्या सवाशिणी होत्या, तिला हाक मारणारी धवळेरी होती, आणि त्या प्रत्येकीला एक नाव होते.